मग आता कुठंय?

प्रिय लेकरा, सलाम.

तुझा मेसेज रात्री एक वाजून दहा मिनिटांनी आलेला, मी सकाळी पाहिला, म्हणजे तू झोपत नाहीस हे कळलं, त्यावर नंतर बोलू. रूममेटनं विचारलं ईस्टर म्हणजे काय रे, तू म्हणलास येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी परत जिवंत झाला, तो म्हणला म्हणजे पुनर्जन्म का, तू म्हणलास नाही, तर तो म्हणला, मग आता कुठंय? आणि तुझं तोंड बंद. लहानपणापासून संडे स्कूलला बसलो, बक्षिसं घेतली आणि ऐन वेळी शब्द फुटला नाही, असं लिहिलंस. अंगठ्यानं एवढं उत्तर टाइप होत नाही माझ्यानं, म्हणून लेकीचा लॅपटॉप घेऊन बसलोय, चुका झाल्या तर समजून घे.

पहिलं म्हणजे त्या पोराला वाईट समजू नको. प्रश्न त्यानं बरोबर विचारलाय. आपल्यातल्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी विचारलाय हा प्रश्न? आपण पहाटे उठतो, नवे कपडे घालतो, पेटी-ढोलकीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणतो, लेकरं रंगवलेली अंडी घेऊन पळतात, पाळकसाहेब म्हणतात प्रभू उठला आहे आणि आपण म्हणतो खरोखर उठला आहे, की झालं, घरी मटण शिजायला लागलेलं असतं. आणि मला असंही वाटतं की रात्री एक वाजता जागं ठेवणारा प्रश्न त्याचा नव्हता, तुझाच होता, आणि त्यात येशूपेक्षा तुझे गेलेले पप्पा जास्त होते. चुकत असलो तर सांग.

तू जे उत्तर दिलंस ना, 'परत जिवंत झाला', तिथंच गाडी अडली बघ. परत जिवंत होणारा माणूस बायबलात आहे, पण तो लाजर. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढ. चार दिवस कबरेत होता, येशूनं हाक मारली आणि बाहेर आला, पण कसा, तर हातपाय पट्ट्यांनी बांधलेले, तोंडाला रुमाल गुंडाळलेला, दुसऱ्यांनी सोडवावं लागलं त्याला. तो आला तो पहिल्याच आयुष्यात परत आला. तेच घर, त्याच बहिणी, आणि पुढं कधीतरी पुन्हा मरण. बिचाऱ्याला दोनदा मरावं लागलं असणार. आता विसावा अध्याय वाच. येशूचा शिष्य पेत्र कबरेत आत जातो तर तागाची वस्त्रं तिथंच पडलेली आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून बाजूला ठेवलेला. कुणी सोडवलं नाही. हा मागं फिरला नाही, मरणातून पलीकडं निघून गेला. पुनरुत्थान म्हणजे हे. मेलेला माणूस उठून घरी आला असं झालं असतं तर तो मोठा चमत्कार झाला असता, पण त्यावर दोन हजार वर्षं कुणी पहाटे उठलं नसतं.

म्हणून तर ओळखता येत नव्हता तो. मग्दालीया मरीयेला वाटलं माळी आहे, आणि नाव घेऊन हाक मारली तेव्हा कळलं. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघं शिष्य त्याच्याबरोबर चालले, अकरा-एक किलोमीटरची वाट, गप्पा मारत गेले तरी कळलं नाही, भाकर मोडली तेव्हा कळलं आणि कळलं तोच दिसेनासा झाला. आणि तरी तोच होता, कारण हाताला खिळ्यांचे व्रण होते, शंका घेणाऱ्या थोमाला दाखवले. मला ह्या गोष्टीत सगळ्यात पटणारी जागा हीच वाटते बघ. एखाद्यानं बसून गोष्ट रचली असती तर देवाचा पुत्र झगमगत, कांती कशी सोन्यासारखी, असा आणला असता ना. जखमा कोण ठेवतं?

आता रूममेटचं पुनर्जन्माचं. त्याच्या घरी वारी आहे म्हणलास. गीतेत जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसं आत्मा देह बदलतो असं सांगितलंय, त्याला ते पाठ असेल. वाद घालू नको, ते त्यांचं आहे आणि त्याच्या जागी मोठं आहे. आपलं वेगळं आहे एवढंच सांग. आपण मतांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून विश्वासाची कबुली देतो त्यात, काय म्हणतो, शरीराचं पुनरुत्थान. देह म्हणजे टाकून द्यायचा सदरा असं आपण म्हणत नाही. आणि खरं सांगू का, आपलीच माणसं हे विसरलीत, आपल्याकडंही मयतीला सगळे आत्मा उडून गेला, पिंजरा राहिला असंच बोलतात. तुझ्या पप्पांनी वीस-बावीस वर्षं मोटारी रिवाइंड केल्या, उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलेलं, वार्निशचा वास हाताला, प्रभुभोजनाच्या रांगेत माझ्या शेजारी गुडघे टेकून बसायचे तेव्हा तो वास यायचा मला. पुनरुत्थानावर विश्वास म्हणजे तो हात देवाला फालतू वाटत नाही, असं मी समजतो.

पण मग तो हात तर मातीत गेला ना सर, असं तू म्हणशील. हो गेला.

मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या बापानं मृगात ज्वारी पेरली आणि पाऊस गेला, आपल्याकडं नेहमीचंच. सहावा दिवस, सातवा दिवस, वर काही दिसेना. दुबार पेरणी करायची तर बी आणायला पैसे नव्हते. मी काय केलं, दुपारी गुपचूप शेतात जाऊन तासातली माती बोटानं उकरली आणि दाणे काढून बघितले. एक दाणा अजून आठवतो. चिमटीत धरला तर दबला, आत काहीच नाही, नुसतं सालपट, आणि खालून पांढरा दोऱ्यासारखा मोड. मी रडत घरी गेलो की बी कुजलं. बापानं आधी एक ठेवून दिली, उकरलं म्हणून, आणि मग आईला म्हणला, उगवलंय.

प्रेषित पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, हेच धरलंय. तू पेरतोस तो नुसता दाणा, पुढं होणारं अंग पेरत नाहीस, देव त्याला अंग देतो आणि ज्या त्या बियाला त्याचं त्याचं. विज्ञानाचा मास्तर म्हणून सांगतो, दाणा खरं म्हणजे मरत नसतो, आत जीव असतो म्हणूनच उगवतो, पौल शेतकऱ्याच्या भाषेत बोललाय, तू परीक्षेत असं लिहू नको. पण त्याचा मुद्दा बघ. चिमटीतला दाणा आणि पुरुषभर उंचीचं ताट, त्यावरचं कणीस, दोन्ही शेजारी ठेवून ज्याला शेती माहीत नाही त्याला विचार हे एकच आहे का, तो हसेल. आणि तरी ज्वारी पेरली की बाजरी येत नाही. जे पेरलं तेच येतं. पप्पा दुसरेच कुणीतरी होऊन येणार नाहीत, एवढं तरी मला ह्यातून कळतं. कसं, कधी, कोणत्या वयाचे, ते मला विचारू नको, पौलालाही लोकांनी विचारलं होतं तर त्यानं सरळ मूर्खा म्हणून सुरुवात केलीये.

आणि ते मयतीत कुणीतरी तुला म्हणलं ना, रडू नको, ते देवाजवळ गेलेत, रडणं म्हणजे विश्वास कमी. मी मागंच उभा होतो, तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही, ही माझी चूक. लाजराला उठवणारच आहोत हे माहीत असून येशू कबरेपाशी रडला. थेस्सलनीकाकरांच्या पत्रातलं वचन लोक अर्धंच सांगतात, तिथं खेद करू नका एवढंच नाहीये, आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका असं आहे. खेद करा, फक्त त्यांच्यासारखा नको. तू रड.

आता मूळ प्रश्न, कुठंय. मतांगीकारातलं उत्तर आहेच, स्वर्गात गेला, पित्याच्या उजवीकडं बसला, मी दर रविवारी म्हणतो आणि मनापासून म्हणतो, पण हॉस्टेलच्या खोलीत त्यानं कुणाचं समाधान होणार नाही. मार्काचा सोळावा अध्याय उघड, अगदी शेवट. बाया पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्यात आणि वाटेत एकमेकींना विचारतायत, दगड कोण लोटणार. म्हणजे बघ, उपाय नसताना निघाल्यात. तिथं गेल्यावर पांढऱ्या झग्यातला तरुण त्यांना सांगतो तो उठला आहे, तो येथे नाही. ईस्टरची पहिली बातमीच ही, इथं नाही. रूममेट म्हणतो तेच की. आपल्या मराठवाड्यात थोरांच्या जागा असतात, पैठणला नाथांची समाधी आहे, खुलदाबादला अवलियांचे दर्गे आहेत, माणूस तिथं जाऊन डोकं टेकवतो. जेरुसलेमात येशूची कबर म्हणून दोन वेगवेगळ्या जागा दाखवतात, कुठली खरी यावर वाद आहेत, पण दोन्ही रिकाम्या.

आणि पुढं तो तरुण म्हणतो, जा, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा, तो तुमच्या आधी गालीलात जातोय. पेत्राचं नाव वेगळं घेतलं, ज्यानं येशूची ओळख तीनदा नाकारली त्याचं. आणि गालील म्हणजे काय तीर्थक्षेत्र नव्हतं, त्यांचा मुलूख तो, जाळी, होड्या, कर, उधारी, सगळं तिथंच सोडून आलेले. आपल्या भाषेत म्हणायचं तर जालन्याला जा, मोंढ्यात जा, तिथं भेटेल. म्हणून मला जर कुणी कुठंय विचारलं तर मी म्हणेन, मागं नाही, पुढं आहे. ह्यानं रूममेट गप्प होईल असं नाही, होऊ पण नये. प्रूफ माझ्याकडं नाही. बायांनी सांगितलं तेव्हा तर खुद्द प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली, लूकानं लिहून ठेवलंय, आणि मार्काच्या सगळ्यात जुन्या प्रतींत तर त्या बाया घाबरून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, इथंच शुभवर्तमान संपतं. तोंडातून शब्द न फुटणारा तू पहिला नाहीस.

मी पण त्यातलाच. तुझ्या काकू, म्हणजे माझी बायको, गेल्या त्याच्यानंतरचा पहिला ईस्टर. पहाटे साडेचारला आपण सगळे दफनभूमीत, मेणबत्त्या, अंधार, कडुनिंबाला मोहोर आलेला त्याचा वास. पाळकसाहेब म्हणले प्रभू उठला आहे, सगळे म्हणले, मला म्हणता आलं नाही. घसाच आवळला. चाळीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं वाक्य. माझ्या शेजारी आपल्या मंडळीतली ती भाजीवाली आजी होती, तुला माहितीये कोण, तिला वाचता येत नाही. तिनं दोनदा म्हणलं, मोठ्यानं, दुसऱ्यांदा म्हणली तेव्हा बाकी सगळे शांत होते म्हणून लोकांनी वळून पाहिलं. मला वाटलं म्हातारीला ऐकू कमी येतं. परत निघताना माझ्या कोपराला धरून म्हणली, मास्तर, तुह्या वाट्याचं मी म्हणलं, पुढल्या साली तू म्हण. मी पुढच्या साली पण नाही म्हणलं. त्याच्या पुढच्या साली म्हणलं.

एवढ्यासाठीच तुला यायला सांगतोय, म्हणायला नाही. उभा राहा फक्त.

यंदा ईस्टर ५ एप्रिलला आलाय. पंडिता रमाबाई गेल्या त्याच तारखेला, १९२२ साली. त्याच्या आदल्या जुलैत त्यांची मनोरमा गेली होती, एकुलती लेक, आणि बाई बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामात होत्या. मी कधी कधी विचार करतो की लेक गेल्यावर त्या 'कबरेपासून दगड लोटलेला' असलं वाक्य तपासताना बाईंचा हात थांबला असेल का. असेल. आणि हनुमान जयंती यंदा २ तारखेला, गुरुवारी, म्हणजे आपल्या प्रभुभोजनाच्या रात्रीच. रूममेटला सांग की वसंतातली पुनव गेली की येणारा रविवार आमचा ईस्टर, म्हणून तारीख हलते, त्याला हे आवडेल, चंद्राचा हिशोब त्यांच्याकडं पण आहे.

त्याला यायचं असेल तर घेऊन ये. पहाटे उठवत नाही म्हणावं, झोपू दे, चहाला उठला तरी चालेल.

तू मात्र शनिवारी दुपारीच ये. पप्पांच्या कबरेची माती भर पावसात लोटलेली, अजून बसली नाही, डोक्याकडं खड्डा पडलाय, तुझी आई बांधकाम करायचं म्हणते पण मी तिला सांगितलंय आणखी एक पावसाळा जाऊ दे, नाहीतर तडा जातो. तोवर दोन पाट्या माती टाकू आणि कडेच्या दगडांना चुना मारू, काकूंच्या कबरेचं पण राहिलंय. चुना मी भिजवून ठेवतो. येताना एक ब्रश आण, चार इंची, मागच्या वर्षीचा धुवायचा राहिला आणि चुन्यात वाळून दगड झालाय.

तुझा,
सर