नर्सिंग ‘प्रोफेशनल’ नाही म्हणे! मग लोनचं काय?

या महिन्यात एकाच विषयावर तीन पत्रं आलीत, आणि तिन्हींचं मूळ तो एकच फॉरवर्ड. ‘अमेरिकेने नर्सिंगला प्रोफेशनल डिग्रीमधून काढलं’, खाली रडणारा इमोजी, आणि पुढच्या तिघांना पाठवा. मी बँकेत लोनच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढलीत, त्यामुळे ‘प्रोफेशनल’ हा शब्द दिसला की मला आधी फॉर्ममधला तो चौकोन आठवतो. म्हणून या वेळी तिघांनाही जरा सविस्तर.

प्रश्न : ताई, माझी मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बँकेचं ४ लाखांचं लोन आहे, दोन वर्षांचे पैसे कॉलेजला गेले, दोन वर्षांचे बाकी आहेत. तो मेसेज फॅमिली ग्रुपवर आला आणि माझे दीर लगेच म्हणाले, तरी मी सांगत होतो कम्प्युटरला टाका. आता बँक पुढचे पैसे अडवेल का? आणि मोठ्या जाऊबाईंची मुलगी न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्ड आहे, तिथे नर्स म्हणून नोकरी करते, तिला नर्स प्रॅक्टिशनरचा (स्वतः पेशंट तपासून औषधं लिहून देणाऱ्या नर्सचा) कोर्स करायचाय. तिचं काय होणार?
— एक आई, कळवा

उत्तर : आधी तुमच्या मुलीचं सांगते म्हणजे तुम्हाला रात्री झोप लागेल. काहीही होणार नाही. तो नियम अमेरिकेच्या सरकारी लोनचा आहे, कळव्याच्या ब्रँचशी त्याचा काडीचा संबंध नाही. आपल्याकडे बँका ज्या मॉडेल स्कीमवर एज्युकेशन लोन देतात तिच्यात नर्सिंगची डिग्री आणि डिप्लोमा नाव घेऊन लिहिलेला आहे, अट एवढीच की कोर्सला इंडियन नर्सिंग कौन्सिलसारख्या संस्थेची मान्यता हवी. तुमचं लोन ४ लाखांचं, म्हणजे तारण नाही, मार्जिन म्हणजे स्वतःचा वाटाही नाही. मुलीची मार्कशीट आणि कॉलेजचं फीचं पत्र वेळेवर नेऊन द्या, बँक पुढचे पैसे सोडेल. दिरांना हे वाचून दाखवा, किंवा नकाच दाखवू, घरात शांतता महत्त्वाची.

पण ‘प्रोफेशनल’ हा शब्द आपल्याकडेही पैशाचा आहे हं, फक्त उलट्या बाजूने, तुमच्या फायद्याचा. केंद्र सरकारची व्याज सबसिडी आहे, २००९ पासून. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर कोर्स चालू असेपर्यंत आणि वर एक वर्ष, एवढ्या काळाचं व्याज सरकार भरतं. ही सबसिडी फक्त टेक्निकल आणि प्रोफेशनल कोर्सना आहे, आणि तिच्या नियमांत मेडिकलसाठी मेडिकल कौन्सिल, वकिलीसाठी बार कौन्सिल तशी नर्सिंगसाठी नर्सिंग कौन्सिलची मान्यता धरलेली आहे. म्हणजे इथे नर्सिंग प्रोफेशनलच.

आता एक कबुली. माझ्याच टेबलावरची गोष्ट. वागळे इस्टेटला रिक्षा चालवणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला होती, तिची फाइल मी कोर्सच्या रकान्यात ‘इतर’ टाकून पुढे पाठवली, कारण डिप्लोमा म्हणजे कुठलं आलंय प्रोफेशनल असं माझ्या डोक्यात बसलेलं. सबसिडीचा क्लेम गेलाच नाही. कोर्स संपल्यावर ते स्टेटमेंट घेऊन आले आणि विचारलं, मॅडम, मुद्दल एवढं होतं मग हे वरचे कशाचे? तेव्हा क्लेमची मुदत निघून गेलेली होती. मी वरपर्यंत पत्रं लिहिली, काही झालं नाही. त्या माणसाने आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. तर तुम्ही उद्याच ब्रँचला जाऊन विचारा की माझ्या मुलीच्या खात्यावर सबसिडी मार्क केली आहे का. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. तोंडी ‘हो हो’ म्हणाले तर स्टेटमेंटवर बघायला मागा. मुलींना व्याजात अर्धा टक्का सूट बऱ्याच सरकारी बँका देतात, तीही लागलीय का ते त्याच फेरीत बघून घ्या.

आता न्यू जर्सीवाल्या पुतणीचं. तिला मात्र हे खरंच लागू आहे, कारण ग्रीन कार्डवाल्यांना तिथलं सरकारी लोन मिळतं. ४ जुलै २०२५ ला तिथे एक मोठा कायदा झाला. त्याआधी बॅचलर डिग्रीच्या वरच्या कोर्सला ग्रॅड प्लस नावाचं लोन होतं, कॉलेजचा खर्च असेल तेवढं सगळं घ्या असं. ते १ जुलै २०२६ पासून नव्या लोकांना बंद. त्याऐवजी दोन गट केले. साधी ग्रॅज्युएट डिग्री असेल तर वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण १ लाख डॉलर, आणि प्रोफेशनल डिग्री असेल तर वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याच्या समितीने प्रोफेशनलची जी यादी मान्य केली तिच्यात डॉक्टर, डेंटिस्ट, फार्मसी, वकील, जनावरांचे डॉक्टर वगैरे आहेत, नर्सिंग नाही. एवढंच झालंय. नर्सचं लायसन्स गेलं नाही, पगार कमी झाला नाही, आणि साध्या बीएस्सी नर्सिंगला तर हे लागूच नाही, ते बॅचलरच्या लोनमध्ये येतं.

पुतणीला एक विचारा, तिने त्याच कोर्ससाठी १ जुलै २०२६ च्या आधी सरकारी लोन घेतलेलं आहे का. घेतलं असेल तर जुन्याच मर्यादेत तीन वर्षं किंवा कोर्सचा उरलेला काळ, दोन्हींपैकी जे कमी तेवढं तिला चालू ठेवता येतं. नसेल तर वर्षाला २०,५०० च्या वरची फी खिशातून किंवा प्रायव्हेट लोनमधून. प्रायव्हेट लोन डोळे मिटून घेऊ नकोस म्हणावं, व्याज क्रेडिट स्कोअरवर ठरतं, बहुतेक वेळा जामीनदार लागतो, आणि सार्वजनिक सेवेत दहा वर्षं हप्ते भरले की उरलेलं माफ ही सोय त्याला नाही. नोकरी चालू ठेवून पार्ट टाइम करता आला तर तोच रस्ता बरा.

प्रश्न : मी २२ वर्षं वॉर्डमध्ये आहे, आता सिस्टर इनचार्ज. ही बातमी आल्यापासून आमच्या चेंजिंग रूममध्ये वाद चाललाय, निम्म्या जणी म्हणतात हा आपला अपमान आहे, निम्म्या म्हणतात अमेरिकेचं अमेरिकेला, आपली ड्युटी संपवा आणि घरी जा. तुमचं मत सांगा. गोल गोल नको.
— एक सिस्टर, कोपरखैरणे

उत्तर : नाही बोलत गोल. नर्सिंगला प्रोफेशनल धरायला पाहिजे होतं. पण अपमान झाला म्हणून नाही, त्यांच्याच नियमात बसतं म्हणून.

त्यांची प्रोफेशनल डिग्रीची जुनी व्याख्या बघा. त्या व्यवसायात काम सुरू करायला लागणारं शिक्षण पूर्ण झालेलं असावं, कौशल्य बॅचलरच्या वरचं असावं, आणि साधारणपणे लायसन्स लागतं. पुढे दहा उदाहरणं आणि स्पष्ट लिहिलेलं की यादी एवढ्यावर संपत नाही. त्या दहांत धर्मशास्त्राची पदवी आहे! चर्चमध्ये प्रवचन द्यायला सरकारी लायसन्स लागत नाही, तरी ती आत. कायरोप्रॅक्टिक म्हणजे मणके दाबणारे, तेही आत. नव्या समितीने क्लिनिकल सायकॉलॉजी आणखी आत घेतली. आणि जी नर्स प्रॅक्टिशनर पेशंट तपासते, औषधं लिहून देते, जिला त्यासाठी मास्टर्स करावंच लागतं आणि वेगळं लायसन्स काढावं लागतं, ती बाहेर. भूल देणाऱ्या नर्सेस आहेत तिथे, २०२२ पासून त्या कोर्सला नव्याने जाणाऱ्यांना डॉक्टरेट सक्तीची आहे, साधारण तीन वर्षं, आणि अभ्यास असा की नोकरी करून होत नाही. वर्षाला २०,५०० म्हणजे तीन वर्षांचे ६१,५०० डॉलर, आणि यादीतल्या एखाद्या मुलाला त्याच तीन वर्षांत दीड लाख मिळू शकतात. हा फरक शब्दाचा नाही, सिस्टर, हा नोटांचा फरक आहे.

नर्सिंगला बाहेर ठेवणाऱ्यांचंही ऐकायला पाहिजे. ते म्हणतात, नर्स व्हायला मास्टर्स लागतच नाही, नर्स आधीच झालेली असते, मग काम सुरू करायची डिग्री कशी म्हणायची? साध्या एमएसएनपुरतं, म्हणजे नर्सिंगच्या मास्टर्सपुरतं, हे मी मान्य करेन. दुसरं म्हणतात, खर्च असेल तेवढं लोन मिळतंय म्हटल्यावर कॉलेजं फी वाढवतच बसली, नळ बारीक केला की फी खाली येईल. यातही तथ्य आहे, लोन सहज मिळायला लागल्यावर आपल्याकडे प्रायव्हेट कॉलेजांच्या फीचं काय होतं ते मी टेबलाच्या या बाजूने बघितलंय. तिथलं शिक्षण खातं असंही म्हणतं की ९५ टक्के नर्सिंग विद्यार्थी या मर्यादेच्या आतच लोन घेतात. असेल. पण उरलेल्यांत कोण येतं? भूल देणाऱ्या, खेड्यातला दवाखाना एकटीने चालवणाऱ्या, आणि नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या, कारण शिकवायला वरची डिग्री लागते. शिकवणारीच अडली तर पुढची बॅच कुठून आणणार? तिथल्या नर्सेसच्या संघटना ओरडतायत त्या याच मुद्द्यावर.

आणि तुमच्या त्या दुसऱ्या निम्म्या जणींना सांगा, आपल्याकडे याबाबतीत कायदा तरी तुमच्या बाजूने आहे. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ ला नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा झाला, त्यात तुम्हाला सरळ प्रोफेशनल म्हटलेलं आहे. आता नाइट ड्युटीला एका सिस्टरच्या वाट्याला किती पेशंट येतात ते त्या कायद्याला कोण विचारणार, ते वेगळं पत्र लिहा, छापू.

प्रश्न : मी बीएस्सी नर्सिंग केलंय, अमेरिकेत जाऊन मास्टर्स करायचं आहे. प्रोफेशनलमध्ये नाही म्हणजे मला कमी लोन मिळेल का? बाबांचं घर आहे, ते तारण ठेवता येईल.
— घणसोलीहून एक वाचक

उत्तर : तुला तिथलं सरकारी लोन मुळात मिळतच नाही रे, कमी पण नाही आणि जास्त पण नाही. स्टुडंट व्हिसावाल्यांना ते नसतं. तुझं लोन इथल्या बँकेतूनच होणार, त्यामुळे त्या यादीची काळजी सोड.

साडेसात लाखांच्या वर सहसा तारण लागतं, आणि परदेशी शिक्षणाला बँका साधारण १५ टक्के तुमचे घाला म्हणतात. आणि घर कुठलं आहे ते तू लिहिलं नाहीस, घणसोलीत तोच खरा प्रश्न आहे. सिडकोच्या लीजवरच्या सोसायटीतला फ्लॅट असेल तर गहाण ठेवायला सिडकोची एनओसी लागते, त्यात वेळ जातो, आत्तापासून अर्ज टाका. गावठाणाजवळचं गरजेपोटी, म्हणजे परवानगीशिवाय बांधलेलं घर असेल तर बँका त्याला सहसा हात लावत नाहीत, बाबांना वाईट वाटेल पण ॲडमिशनची फी भरायच्या आधी कळलेलं बरं. विद्यालक्ष्मी या सरकारी पोर्टलवरून बँकांना ऑनलाइन अर्ज करता येतो, तो कर. बँकेच्या लोनमधून फी बाहेर पाठवली तर आता त्यावर टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापत नाहीत, ही २०२५ च्या बजेटची बारीकशी मेहेरबानी.

आणि एक विचारते, राग मानू नकोस. तिथे नर्स म्हणून काम करायला तिथलं मास्टर्स लागत नाही. इथल्या डिग्रीचं मूल्यांकन करून घ्यायचं, एनक्लेक्स-आरएन ही तिथली नर्सच्या लायसन्सची परीक्षा द्यायची, ज्या राज्यात जायचं तिथलं लायसन्स काढायचं. अडचण ग्रीन कार्डच्या रांगेची, भारतीयांसाठी ती दहा वर्षांच्या वर आहे, म्हणून पोरं मास्टर्सच्या रस्त्याने जातात हे मला माहितीये. पण मास्टर्स झाल्यावर नोकरीचा व्हिसा कुठला मिळेल ते आधी शोध, आणि मग बाबांना एनओसीसाठी सिडकोच्या फेऱ्या मारायला लाव.