‘मुलीचा ग्राफ सारखा खाली चाललाय’

क्लासचे निकाल ॲपवर यायला लागल्यापासून इंदुरातले पालक माझ्याकडे गुणपत्रिकेऐवजी फोनमधला ग्राफ घेऊन येतात. आणि काळजी बहुतेकांची एकच: रेघ खाली चाललीय, आता काय करायचं?

राजेंद्रनगरचं एक कुटुंब असंच आलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी अकरावीत, भंवरकुआँच्या एका क्लासला जाणारी. चार परीक्षांत ७८, ७४, ७१, ६९. फोनवरची रेघ कड्यावरून कोसळावी तशी दिसत होती. वडील म्हणाले, “ताई, हिचं मन लागत नाहीये. आतेभाऊ बघा, वरच चाललाय.” मुलगी खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती.

मी आधी उभा अक्ष पाहिला. तो ६५ पासून ८० पर्यंतच होता. त्यामुळे नऊ गुणांची घट ग्राफच्या निम्म्याहून जास्त उंची खात होती. ग्राफ पेपरवर मी तीच रेघ शून्य ते शंभरच्या अक्षावर काढली, तर हलका उतार निघाला. अक्ष मधूनच सुरू करणं ही लबाडी नव्हे, रेघेच्या आलेखात ते चालतं. पण आकडे न वाचता नुसता उतार बघितला की जीव घाबरतो. स्तंभालेख मात्र शून्यापासूनच हवा, कारण तिथे आपण उंचीच मोजतो.

मग वर्गाची सरासरी विचारली. ती ॲपवरच, दुसऱ्या पानावर होती: ६६, ६०, ५५, ५२. लाल पेनाने ती रेघ मुलीनेच काढली. पेपर अवघड होत गेले होते, अख्खा वर्ग उतरला होता आणि हिचं वर्गापासूनचं अंतर १२ वरून १७ वर गेलं होतं. “बाबा, मी पुढे गेलेय,” ती म्हणाली. तासाभरात पहिल्यांदाच तिने मान वर केली.

आतेभावाचा क्लास वेगळा, पेपर वेगळे. ती रेघ या कागदावर बसतच नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. “निदान दोघांची सरासरी तरी ताडून बघू,” वडील म्हणाले. तेव्हा अ‍ॅन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलेले चार आकडेसंच त्यांना काढून दाखवले. चौघांची सरासरी जवळजवळ सारखीच, पण एकाचे ठिपके सरळ रेघेभोवती, दुसऱ्याचे कमानीत, उरलेल्या दोघांत एकेकच ठिपका सगळं चित्र ओढून नेणारा. वडील त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले.

पण नुसता दिलासा देऊन त्यांना पाठवणं मला पटेना. म्हणून विषयवार रेघा काढल्या. गणित, रसायन वर्गाच्या बरंच वर. भौतिक मात्र शेवटच्या दोन परीक्षांत वर्गाच्याही खाली. “रोटेशनल मोशनपासून काहीच कळत नाहीये,” मुलगी हळूच म्हणाली. घरी हे बोलायची सोयच उरली नव्हती, कारण तिथे भांडण एकूण गुणांवर चालायचं.

रविवारी डाउट सेशनला फक्त तेवढाच धडा घेऊन बसायचं, असं तिने ठरवलं. आणि पुढच्या निकालाला ग्राफ पेपरवर दोन्ही रेघा बाबांनी स्वतः काढायच्या, ही तिची अट वडिलांनी मान्य केली.