इंजिन बदल हवं तर, पण आधी ते का गेलं ते शोध

अगं, तुझा मेसेज वाचला, सोबतचा तो एक्सेलचा फोटो पण पाहिला. एका कॉलममध्ये रिपेअर, दुसऱ्यात रिप्लेस, खाली बेरजा, अगदी टो करून नेण्याचा खर्चसुद्धा धरलायस. मेहनत दिसतेय. फक्त त्या अख्ख्या शीटमध्ये इंजिनला नेमकं झालंय काय आणि ते का झालंय, याची एक ओळ नाहीये. मेकॅनिक म्हणाला "इंजिन गेलंय" आणि तू कॅल्क्युलेटर घेऊन बसलीस. गेलंय म्हणजे काय? पिस्टनच्या रिंगा गेल्या, वॉल्व सील गेले, हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) गेलं, क्रँकशाफ्टचे बेअरिंग गेले, की नुसता त्याचा पेशन्स गेला?

जुनी गाडी ठेवावी की विकावी यावर मी लेक्चर देणार नाही. तुला ती ठेवायचीय, मला कळतं, आपण एकाच पंथाचे.

तू लिहिलंस त्यात तीन गोष्टी आहेत. सकाळी स्टार्ट केल्यावर निळा धूर येतो आणि मिनिटभरात थांबतो. ऑइल कमी होतं. आणि मागे एकदा टेम्परेचरचा काटा वर गेला होता. या तीन गोष्टींचं मूळ एकच असेल असं कुणी सांगितलं तुला? निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इथपर्यंत बरोबर. पण रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी भपकन येऊन थांबणारा धूर बहुतेक वेळा वॉल्व सीलचा असतो, वरचं ऑइल रात्रभर वॉल्वच्या दांड्यावरून झिरपतं आणि पहिल्या स्टार्टला जळतं. रिंगा गेल्या असतील तर चढावर, लोडवर, अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरल्यावर धूर येत राहतो. वॉल्व सील बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही, बऱ्याच इंजिनांत तर हेडही काढावं लागत नाही, प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून ठेवतात म्हणजे वॉल्व आत पडत नाही आणि वरूनच काम होतं. आता मी इथे बसून निदान करतोय असं समजू नकोस, मलाही माहीत नाही तुझ्या गाडीत काय आहे, आणि मुद्दा तोच आहे की त्या मेकॅनिकलाही माहीत नाही. त्याने ऑइल टाकायचं झाकण काढून वाफ बघितली आणि निकाल दिला. थोडी वाफ चांगल्या इंजिनातूनही येते गं.

मोजायला सांग. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते गेज लावून बघायचं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, बॅटरी फुल चार्ज, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि मग क्रँक करायचं, म्हणजे स्टार्टरने नुसतं फिरवायचं. थंड इंजिनवर एकच प्लग काढून घेतलेला आकडा मला पाठवू नकोस, तो आकडा नाही, अफवा आहे. पेट्रोल इंजिनात साधारण 150 ते 200 पीएसआयच्या मध्ये कुठेतरी दिसतं, नक्की किती हवं ते त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही जवळपास सारखे हवेत. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यात 10-15 टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर तिथे काहीतरी आहे. मग जो सिलिंडर कमी दाखवतो त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्यायचं. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. नाही चढला तर वॉल्व नाहीतर गॅस्केट. शेजारशेजारचे दोन एकदम पडलेले असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट फाटल्याचा संशय धरायचा.

लीकडाउन टेस्टर असेल कुणाकडे तर अजून छान, सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व, थ्रॉटलकडून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून जोरात आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला क्रॅक. यात इंजिनचा एक बोल्ट उघडावा लागत नाही (प्लग सोडून). तरी लोक आधी इंजिन उतरवतात आणि मग विचार करतात. का? मला आजवर कळलेलं नाही.

आणि तो वर गेलेला काटा. तुझ्या शीटमध्ये त्याचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. का गेला वर? फॅन लागला नाही, थर्मोस्टॅट अडकला, रेडिएटर आतून चोंदलाय, वॉटर पंप गेला, की गॅस्केटमधून गॅस कूलंटमध्ये घुसतोय? शेवटच्यासाठी एक निळं लिक्विड मिळतं, रेडिएटरच्या तोंडावर धरून त्यातून तिथली हवा खेचायची, पिवळं पडलं तर जळलेला गॅस येतोय. बाकीच्या चारांसाठी मात्र इंजिन बदलावं लागत नाही. तू नवंकोरं इंजिन टाकलंस आणि चोंदलेला रेडिएटर तोच ठेवलास तर ते इंजिनही उकळणार. म्हणून म्हणतोय, का गेलं ते शोध. परत म्हणतो, का गेलं ते शोध. कंटाळा आला तरी म्हणणार.

माझ्याबाबतीत हे झालंय म्हणून इतका चिडतोय. माझी पहिली गाडी तापली, गॅरेजवाला म्हणाला आता दुसरं इंजिन टाका, बरोबरचे सगळे म्हणाले टाक, टाकलं. थोडे दिवस छान चालली आणि परत काटा वर. रेडिएटरच्या अर्ध्याअधिक नळ्या आतून बंद होत्या, हे त्यानंतर कळलं. पण मला अजून खटकतं ते वेगळंच. पहिलं इंजिन भंगारात गेलं, न उघडता. कदाचित नुसत्या गॅस्केटवर आणि हेड फेसिंगवर (हेडचा तळ घासून सपाट करणं) परत उभं राहिलं असतं, कदाचित हेड वाकून, ब्लॉक क्रॅक होऊन खरंच संपलेलं असेल. ते मला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून माझ्या गाडीला निदान झाल्याशिवाय कुणी पाना लावत नाही. आत्ताच्या गाडीचं फुल इंजिन काम केलं तेव्हा लोक हसले, गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त झाला म्हणून. झाला. मान्य. पण गाडीची किंमत म्हणजे ती विकली तर येणारे पैसे, आणि मला ती विकायचीच नव्हती, मग त्या आकड्याशी तुलना कशाला करू? तुलना करायची तर तेवढ्याच पैशात येणाऱ्या दुसऱ्या जुन्या गाडीशी कर, जिच्या इंजिनाबद्दल तुला काहीच माहीत नाही. माझ्या इंजिनात बोअर किती मोठा केलाय, क्रँकशाफ्ट किती घासलाय, बेअरिंग कुठल्या साइजचे आहेत हे सगळं मला पाठ आहे. हे पैशात बसत नाही असं घरचे म्हणतात, म्हणू देत. असो, हे तुझ्यासाठी लिहितोय, माझी वकिली करायला नाही.

आता असंही नको समजू की मी कायम रिपेअरच म्हणतो. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, ब्लॉकला क्रॅक आहे, ओव्हरसाइज पिस्टन (मोठ्या केलेल्या बोअरसाठी) किंवा अंडरसाइज बेअरिंग (घासलेल्या क्रँकशाफ्टसाठी) मिळतच नाहीत, किंवा बोअरचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत घेणारा लेथवाला हाताशी नाही, तर बिनधास्त दुसरं टाक. अर्धवट रिपेअर करण्यापेक्षा ते बरं. लंबगोल झालेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून देणारे खूप आहेत, काही दिवसांनी धूर परत येतो आणि दोष रिंगांच्या कंपनीला. आणि चासी गंजून सडली असेल तर दोन्ही नको, त्या शीटला तिथेच कुलूप लाव.

दुसरं इंजिन घ्यायचं ठरलंच तर नुसतं मॉडेलचं नाव सांगून घेऊ नकोस, इंजिन कोड जुळव, आणि त्याचीही कॉम्प्रेशन टेस्ट पैसे देण्याआधी. बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, मागचं क्रँक सील नवीन टाकून घे, आत बसल्यावर ते बदलायचं म्हणजे मजुरी परत. जुनं इंजिन बेअरिंगवर गेलं असेल आणि गाडीला ऑइल कूलर असेल तर तो बदल, त्यात अडकलेला धातूचा चुरा नव्या इंजिनात जातो. बघ, परत तिथेच आलो. जुनं कशावर गेलं हे माहीत नसेल तर कूलर बदलायचा की नाही हे ठरवणार कशावरून? कागदपत्रांवर इंजिन नंबर असेल तर तोही बदलून घ्यावा लागेल, ते आधी विचारून ठेव.

तर शीट बंद कर आणि उद्या त्याला फोन कर. चारही सिलिंडरचे कोरडे आणि ऑइल टाकून घेतलेले आकडे मला पाठव, रेडिएटरचं काय निघालं तेही. आणि तो मधेच "ऑइल बदलून बघू" म्हणाला तर काढलेला फिल्टर फेकू देऊ नकोस, कापून आतला कागद पसरून उजेडात फोटो काढ. चकचकीत कण दिसले आणि मॅग्नेटला चिकटले नाहीत तर "बरं झालं, लोखंड नाही" असं म्हणू नकोस, बेअरिंगच्या वरच्या थराचा धातू मॅग्नेटला चिकटतच नाही. तसं काही दिसलं तर गाडी चालवू नकोस, आधी मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.