पहिले काही महिने टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) विसरा

रग्बी शिकायला वीस मुलं आली म्हणून दहा-दहाचा सामना लावू नका. मी लावला होता. दोन दांडगी पोरं चेंडू घेऊन पळत राहिली आणि बाकीची शिवाजी पार्कात शेजारचं क्रिकेट बघत उभी! चार-चारचे संघ करा, लहान चौकोन आखा, दोन-तीन सामने एकदम चालू द्या. प्रत्येकाच्या हाताला चेंडू लागला पाहिजे.

खेळ टॅग रग्बीचाच ठेवा. कमरेच्या दोन्ही बाजूंना कापडी पट्ट्या, त्यातली एक ओढली की पकडलं. आपली मैदानं उन्हाळ्यात दगडासारखी असतात, पाडापाडी नकोच. (पट्टी कुणी गाठ मारून ठेवलीय का, बघत जा. मारतातच.)

नियम तीन पुरे:
- पास पुढे नाही, मागे किंवा बाजूला.
- चेंडू दोन्ही हातांत.
- रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला तरच ट्राय, म्हणजे गुण.

फुटबॉल खेळणारी मुलं पास पुढेच फेकणार. शिट्टी वाजवून भाषण देऊ नका. ‘चेंडूवाल्याच्या मागे राहा’ एवढंच ओरडा. बचावाला कबड्डीची साखळी आठवून द्या, पण हात न धरता. लगेच कळतं.

एकटाच कुणी सुसाट सुटत असेल तर ट्रायआधी दोन पास सक्तीचे करा. भित्र्या पोरांकडेही चेंडू आपोआप जातो.

आठ-नऊ वर्षांच्यांना ३ नंबरचा चेंडू घ्या. मोठ्यांचा ५ नंबरचा त्यांच्या हातात मावत नाही. स्क्रम (दोन्ही संघांची वाकून ढकलाढकली), लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू रांगेत उभं राहून झेलणं)? पुढच्या वर्षी विचारा.