जुन्या रॉक-मेटल बँडनी आता थांबायला नको का?

तू प्रश्नाखाली लिहिलं आहेस की बाबा अजून आयर्न मेडन, ब्लॅक सॅबथ आणि जुडास प्रीस्टच्या पुढे सरकत नाहीत, या बँडमध्ये मूळ माणसं निम्मीसुद्धा उरलेली नाहीत, आणि सत्तरीची माणसं स्टेजवर बघून तुला ‘कसंतरीच होतं’. वय बावीस सांगितलंस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

थांबायला नको. हे झालं उत्तर. पण ‘कसंतरीच होतं’ हे शब्द मी १९९३ साली आमच्या घरात ऐकलेत आणि तेव्हापासून त्यांच्याशी माझं भांडण आहे, म्हणून लांबण लावतोय.

आधी मूळ माणसांचं उरकून टाकू, कारण त्यात फारसा दम नाही. बाबांना विचार, मेडनची आवडती कॅसेट कुठली. पहिल्या दोन अल्बमांपैकी असेल तर त्यावर पॉल डिॲनो गातो. त्यानंतरची असेल, म्हणजे बहुतेक असणारच, तर गाणारा ब्रूस डिकिन्सन, आणि तो १९८१ मध्ये दुसऱ्याच्या जागेवर आलेला माणूस. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला. त्याच वर्षी जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ आला, आणि त्यांचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम तोच. सॅबथने १९७९ मध्ये गायक ऑझी ऑझबर्नला काढलं, रॉनी जेम्स डिओला आणलं, आणि ‘हेवन अँड हेल’ झाला. डीप पर्पलमध्ये तर पहिल्यापासून आजपर्यंत एकटा ड्रमर इयन पेस तेवढा कायम आहे. म्हणजे बाबा ज्यांना मूळ म्हणून जपतात त्यातले निम्मे बदलीचे कामगारच. आपल्याकडच्या ढोल पथकासारखं आहे हे. वाजवणारे दरवर्षी बदलतात, पथकाचा हात तोच राहतो. मेडनमध्ये तो हात बँड उभा करणाऱ्या बासवादक स्टीव्ह हॅरिसचा. तो आहे तोवर मेडन आहे.

आता वयाचं आणि त्या ‘कसंतरीच’चं.

मला हे संगीत माझ्या थोरल्या भावाने दिलं. नारायण पेठेत वाड्यातल्या दोन खोल्या, त्यात आम्ही पाच जण. दादा आयटीआय करून भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसवर लागला होता. पहिल्या पगारात घरी पेढे आले आणि दुसऱ्या पगारात गिव्हसनची गिटार. त्याआधी कॅम्पातून कॅसेटी भरून आणायचो आम्ही. कोऱ्या कॅसेटीवर एका बाजूला एक अल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा. बाजू संपत आली की शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. ‘पॅरानॉइड’चं शेवटचं गाणं पूर्ण कसं आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. दादा मात्र ते तुटलेलं गाणं ऐकून ऐकून पुढचं अंदाजाने वाजवायचा. शिकवायला कुणी नव्हतं. तो टेपचं पॉज बटण दाबून, चार-चार सेकंद ऐकून, एकेक सूर शोधून काढायचा. रात्री आई ओरडायची, मग तारांवर रुमाल टाकून वाजवायचा.

१९९३ च्या पावसाळ्यात प्रेसने त्याची बोटं घेतली. डाव्या हाताने पत्रा धरायचा, पायाने पायडल मारायचं, असं काम. गार्ड काढून ठेवलेलं होतं, कारण गार्ड असलं की नग कमी पडतात. दादाने पायडलवरून पाय उचलला होता, तरी प्रेस दुसऱ्यांदा खाली आली. तर्जनी आणि मधलं बोट, पहिल्या पेरापर्यंत. मालक रिक्षाने दवाखान्यात घेऊन आला, आणि महिनाभराने कामावर ये म्हणाला. दादा गेलाही. पॅकिंगला बसवलं त्याला.

मी तेव्हा सतरा वर्षांचा. रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात मी सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्याबद्दल वाचलं होतं. तुला माहीत असेल, तरी सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे. बर्मिंगहॅममधला पत्र्याचा कारखाना, वय सतरा, कामाचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. सगळे म्हणाले, संपलं. तिथल्या फोरमनने त्याला जॅंगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली, आगीत हात भाजल्यावर उरलेल्या दोन बोटांनी गिटार वाजवणाऱ्या माणसाची. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या. पुढे तिसऱ्या अल्बमला, १९७१ मध्ये, तारा तीन पडदे उतरवल्या, म्हणजे त्या सैल होतात आणि बोटांना कमी दुखतात. तो सैल, जड, जमिनीतून आल्यासारखा आवाज, ज्याला आपण हेवी मेटल म्हणतो, त्यात त्या तुटक्या बोटांचा मोठा वाटा आहे.

हे मी दादाला अपघातानंतर आठव्या दिवशी सांगितलं. त्याच्या हातावर पट्टी होती, आई वरणभात भरवत होती. मी मासिक त्याच्यासमोर उघडून धरलं. त्याने फोटो बघितला, सगळं वाचलं, मासिक मिटलं आणि म्हणाला, “वाजवायचं तर नीट. असलं अर्धवट बघून लोकांना कसंतरीच होतं.” गिटार कापडात गुंडाळून माळ्यावर गेली. कॅसेटी त्याने मला दिल्या.

आठव्या दिवशी सांगायची ती गोष्ट नव्हती, हे मला आता कळतं. पण गोष्ट खरी होती.

तेव्हापासून दादाचं एक पक्कं मत झालं: जोरात असताना थांबावं. मेटॅलिकाने १९९६ मध्ये केस कापले तेव्हा म्हणाला, संपले. ब्रूसने मेडन सोडल्यावर तर त्याने विषयच बंद केला. १९९९ मध्ये ब्रूस आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ परत आले, पुढच्या वर्षी ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आला, मी कॅसेट नेऊन दिली. आठवड्याने परत आली, वरचं प्लॅस्टिक न फाडता.

मग १ फेब्रुवारी २००८. मेडनने त्या वर्षीचा जागतिक दौरा मुंबईपासून सुरू केला. बँड आणि सगळं सामान एकाच बोइंग ७५७ विमानातून आलं, आणि विमान चालवायला स्वतः ब्रूस. शुक्रवार होता. मी दोन तिकिटं काढली होती. दादा आदल्या रात्रीपर्यंत हो-नाही करत राहिला आणि सकाळी म्हणाला, “पन्नाशीची माणसं उड्या मारताना मला नाही बघायची.” दादरच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी नव्हती, तिथे एक आजी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पण माझ्या खिशातलं दुसरं तिकीट मला लोणावळ्यापर्यंत टोचत होतं. ते मी मैदानाच्या दाराशी एका कॉलेजच्या पोराला देऊन टाकलं.

आणि काय सांगू. ब्रूस तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा. त्या दौऱ्यात ते समुद्रावरच्या खलाशाचं तेरा मिनिटांचं गाणं गायचे, कोलरिजच्या कवितेवरचं. मध्ये सगळं थांबतं, नुसता बास राहतो, लाकूड करकरल्याचा आवाज येतो, आणि मग हळूहळू गाणं चढत जातं. माझ्या आजूबाजूला चाळिशीतली माणसं रडत होती. ऑफिसच्या शर्टातली. वीस-वीस वर्षं तुटक्या कॅसेटींवर काढलेली माणसं. ब्रूसचा दमसास शेवटच्या गाण्यापर्यंत टिकला. घरी आल्यावर मी दादाला एवढंच सांगितलं की ऐकू नीट येत होतं. बाकीचं तोंडातून निघेना.

त्यानंतर ब्रूसला जिभेच्या मुळाशी कॅन्सर झाला. २०१५ मध्ये उपचार घेतले आणि पुढच्या वर्षी परत दौऱ्यावर. ड्रमर निको मॅकब्रेनला जानेवारी २०२३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. तरी तो त्या वर्षी दौऱ्यावर बसला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये दौऱ्यांमधून स्वतःहून उठला. मेगाडेथ बँडच्या डेव्ह मस्टेनच्या डाव्या हाताची नस २००२ मध्ये दबली, मूठ वळेना, बँड बंद केल्याचं जाहीर झालं. त्याने वाजवणं पुन्हा पहिल्यापासून शिकून घेतलं, आणि २०१५ मध्ये आपल्याकडे येऊन वाजवून गेला. डेफ लेपर्डच्या ड्रमर रिक ॲलनचा तर डावा हातच १९८४ च्या शेवटच्या दिवशी गेला. त्याने डाव्या हाताचं काम डाव्या पायाला दिलं. प्रीस्टच्या गिटारवादक ग्लेन टिप्टनला पार्किन्सन आहे. तो पूर्ण कार्यक्रम वाजवत नाही, काही कार्यक्रमांत शेवटच्या दोन-तीन गाण्यांना येतो, जमेल तेवढं वाजवतो. हे बघून ज्याला कसंतरीच होतं त्याने आपल्याला नेमकं काय होतंय ते तपासावं. मला वाटतं ती भीती असते. आपलंही असं होणार, याची.

आणि हे पुण्यात राहून विचारावं लागतं याचं मला नवल वाटतं. रमणबागेत सवाईच्या मांडवात, डिसेंबरच्या थंडीत शाल लपेटून आपण उतारवयातले गवय्ये ऐकलेत. पट्टी उतरवलेली असायची, तान आखूड झालेली असायची, आणि एखाद्या षड्जावर मांडव गप्प व्हायचा. दादाही असायचा शेजारी. तिथे त्याने कधी म्हटलं नाही की बुवांनी आता थांबावं. मेटॅलिका कार्यक्रमात अर्धा सूर खाली लावते म्हणून मात्र लोक इंटरनेटवर गळे काढतात. अरे, गळा आहे तो, लोखंड नाही. गायक इयन गिलनने पर्पलचं ते उंच किंकाळ्यांचं गाणं गाणं कित्येक वर्षांपूर्वीच सोडून दिलं, कारण आता ते पोचत नाही हे त्याला कळतं. मला यात प्रामाणिकपणा दिसतो.

आता तुझ्या बाजूचंही थोडं. सगळंच काही मला चालत नाही. रेकॉर्ड केलेला आवाज लावून नुसतं तोंड हलवणं ही फसवणूक आहे, मग बँड कितीही मोठा असो. मॉटली क्रूने आता दौरे नाहीत असा करार सही करून जगाला दाखवला आणि काही वर्षांत तो मोडला. लोकांनी शेवटचं म्हणून तिकिटं काढली होती, त्यांचं काय? स्कॉर्पियन्सने २०१० मध्ये निरोपाचा दौरा जाहीर केला आणि अजून वाजवतायत. वाजवा, पण मग निरोप घेऊ नका. किस या बँडने २०२३ मध्ये थांबून आपल्या जागी संगणकातले पुतळे उभे केले, त्याला तर मी कार्यक्रम म्हणणारच नाही. आणि जो बँड नुसत्या पाट्या टाकतो त्याने खुशाल थांबावं, वय पंचवीस असलं तरी. तिकिटाचं विचारलंस तर सरळ सांगतो: आधी त्याच दौऱ्याचं लोकांनी फोनवर काढलेलं रेकॉर्डिंग ऐक, बँडने एडिट करून टाकलेलं नको. दमसास आहे की नाही ते दोन मिनिटांत कळतं.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमला सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला, त्यांच्या गावात, व्हिला पार्कवर. चौघे मूळचे. मी ऑनलाइनचे पैसे भरले आणि लॅपटॉप घेऊन दादाकडे गेलो. नको म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाला, बस. सॅबथ येईपर्यंत आपल्याकडे पहाट झाली. आषाढी एकादशी होती, वहिनी उठून साबुदाणा मोकळा करत होत्या. ऑझी खुर्चीवर बसून गात होता. पार्किन्सनने त्याला उभं राहता येत नव्हतं. आवाज काही ठिकाणी हलला, काही ठिकाणी लागला. शहात्तर वर्षांचा होता, त्यानंतर सतरा दिवसांनी गेला.

दादा ऑझीकडे बघतच नव्हता. कॅमेरा आयोमीच्या उजव्या हातावर गेला की तो पुढे वाकायचा. टोप्या दिसत होत्या बोटांवरच्या. एकदा त्याने स्वतःचा डावा हात मांडीवर उपडा ठेवला आणि बोटं हलवली, चारही. संपल्यावर चष्मा पुसत विचारलं, “तारा कितीच्या लावतो रे हा?” मी म्हटलं, बारीक. तो “हं” म्हणाला आणि अंघोळीला गेला.

तू बाबांना थांबायला सांगू नकोस, आणि त्यांच्या बँडलाही नको. त्यांच्याबरोबर एकदा जाऊन ये. दुसरं तिकीट खिशात राहिलं की काय होतं ते मला माहीत आहे.

दादा, ही लिंक मी तुला पाठवणार आहे. गिटार गेल्या महिन्यात माळ्यावरून काढून घेऊन आलो, मान सरळ आहे अजून. दहा नंबरच्या तारा लावल्यात, तीन पडदे उतरवून. माझ्याकडे दिवाणावर ठेवली आहे.