वेबजीएल २ मध्ये (ब्राउझरमध्ये थ्रीडी चित्रं काढायची सोय) टेक्स्चर ॲरेचा, म्हणजे एकाच मापाच्या चित्रांच्या थप्पीचा, एकच लेयर फ्रेमबफरला (चित्र ज्यात काढलं जातं त्याला) कसा जोडायचा? फ्रेमबफरटेक्स्चर२डी एरर देतंय.

देणारच. ते फंक्शन साध्या टेक्स्चरसाठी आणि क्यूबमॅपच्या (घनाच्या सहा बाजूंवरच्या टेक्स्चरच्या) बाजूंसाठी आहे. ॲरे असो वा थ्रीडी टेक्स्चर, फ्रेमबफरटेक्स्चरलेयर वापरा. आर्ग्युमेंट्स अशी: टार्गेट, अटॅचमेंट, टेक्स्चर, लेव्हल, लेयर. आधी लेव्हल (त्याच चित्राची निम्म्या-निम्म्या मापाची आवृत्ती), मग लेयर (थप्पीतलं कितवं चित्र). हे दोनदा सांगतोय, कारण याच अदलाबदलीत माझे तीन दिवस गेलेत आणि वर बोलणीही खाल्लीत.

पुण्यातल्या एका कंपनीत (नाव नको) ब्राउझरमध्ये खोली फर्निचरसकट दाखवायचं काम होतं. सावल्यांसाठी चार कॅस्केड (जवळून लांबपर्यंतच्या टप्प्यांचे वेगवेगळे सावली-नकाशे), त्यांच्यासाठी २०४८ बाय २०४८ चा चार लेयरचा डेप्थ ॲरे, म्हणजे रंगाऐवजी अंतर साठवणारा. जवळचा सोफा अगदी झकास, उन्हात, सावली जागच्या जागी. पण चार पावलं मागची भिंत, खिडकी, पलंग, सगळं काळंकुट्ट. कन्सोलमध्ये एक अक्षर नाही. चेकफ्रेमबफरस्टेटस चारही वेळा ३६०५३, म्हणजे 'कम्प्लीट'.

आमचे लीड डेस्कटॉप ओपनजीएलवर वाढलेले. त्यांनी एकदा स्क्रीनकडे बघितलं आणि निकाल दिला, "बायस वाढव. ३६०५३ आलंय ना, मग फ्रेमबफर बरोबरच आहे." दोन दिवस मी बायस, म्हणजे सावली ठरवताना डेप्थला दिलेली थोडी सूट, वाढवत होतो. सोफ्याची सावली पायापासून सुटून तरंगायला लागली, भिंत काळी ती काळीच. चारही लेयर स्क्रीनच्या कोपऱ्यात काढून बघू का, असं विचारलं, तर "असल्या खेळांना वेळ नाही".

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेल्यावर काढलेच. पहिल्या लेयरमध्ये खोली दिसत होती, उरलेले तीन कोरे. मग स्पेक्टर जेएसमध्ये (वेबजीएलचा एकेक कॉल दाखवणारं टूल) फ्रेम पकडली आणि कॉल दिसला: लेव्हल २, लेयर ०. मी लूपचा आय (कितवा कॅस्केड तो आकडा) लेयरऐवजी लेव्हलच्या जागी टाकला होता. एरर का नाही? टेक्सस्टोरेज३डीला (ॲरेसाठी मेमरी घेणारं फंक्शन) लेव्हल ४ पास होत होत्या. आमच्या जुन्या हेल्पर फंक्शनमध्ये तो आकडा ठोकून ठेवलेला, त्यामुळे २०४८, १०२४, ५१२, २५६ अशा खऱ्याखुऱ्या लेव्हल तिथे होत्या आणि माझे कॅस्केड त्यांत निमूट जाऊन बसत होते. लेयर १ ते ३ मध्ये कुणी काही लिहिलंच नव्हतं. वेबजीएल कोरी मेमरी शून्याने भरतं, आणि डेप्थ शून्य म्हणजे कॅमेऱ्याला चिकटलेली वस्तू. मग मागचं सगळं सावलीतच जाणार! बायस काय करणार तिथे, कपाळ?

त्यामुळे माझं स्पष्ट मत: 'कम्प्लीट' म्हणजे फक्त जोडणी नियमात बसते, एवढंच. तुम्ही काय कुठे जोडलंय ते तो आकडा सांगत नाही. लेयर डोळ्यांनी बघा. आणि ज्यांना 'असल्या खेळांना वेळ नाही', त्यांनी मग तीन दिवसांचा हिशोब आपल्या नावावर लावून घ्यावा. (डेप्थ बघताना कम्पेअर मोड, म्हणजे डेप्थची आपोआप तुलना करणारी सेटिंग, 'नन' म्हणजे बंद करा, नाहीतर साध्या सॅम्पलरने भलतंच काहीतरी वाचाल.)

चूक माझी होती, हे मान्य. आणि लीडचं एक खरं होतं: चेकफ्रेमबफरस्टेटस दर फ्रेमला मारलं की ब्राउझर अडखळतो. सेटअपच्या वेळी एकदा पुरे. डेस्कटॉपवर अख्खा ॲरे एकदम जोडून जिओमेट्री शेडरमधून (जीपीयूवर आकारांवर चालणारा छोटा प्रोग्राम) लेयर निवडता येतो, तसं इथे नाही, जिओमेट्री शेडरच नाही. दर लेयरला वेगळा पास, किंवा कलर असेल तर वेगवेगळे लेयर वेगवेगळ्या अटॅचमेंटला लावून ड्रॉबफर्सने एकाच पासमध्ये सगळ्यांत लिहायचं. अशा चार अटॅचमेंट तरी मिळतातच.

आणि हो, ज्या ॲरेत लिहिताय तोच त्याच ड्रॉमध्ये वाचू नका, लेयर वेगळा असला तरी. फीडबॅक लूपची एरर मी त्यातही खाल्लीय. तुमचा ॲरे कसला, ते प्रश्नात नाही. आरजीबीए१६एफ (दशांश आकड्यांत रंग साठवणारा फॉरमॅट) असेल तर आधी ईएक्सटी_कलर_बफर_फ्लोट हे एक्स्टेन्शन मागून घ्या, नाहीतर एवढं सगळं करूनही 'इनकम्प्लीट'च येईल.