उपमा आणि दृष्टान्त यात नेमका फरक काय? आणि संतकवी दृष्टान्त इतके का वापरतात?

उपमेत दोन गोष्टींतलं साम्य 'सारखा', 'समान', 'परी' अशा शब्दांनी उघड सांगितलेलं असतं, दृष्टान्तात तसा शब्द नसतो, एक म्हणणं मांडून शेजारी त्याचा दाखला ठेवतात आणि सांधा ऐकणाऱ्याने जोडायचा. तुकारामांचं 'लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा ॥ ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार' घ्या. शाळेच्या व्याकरणातही दृष्टान्ताचं हेच उदाहरण असतं. 'मी मुंगीसारखा होऊ दे' असं कुठेच म्हटलेलं नाही, तरी मोठेपणाबरोबर मार येतो हे कळतंच, आणि ते आपण स्वतः जोडलेलं असतं म्हणून जास्त पटतं. वापरण्याचं मोठं कारण मला हेच वाटतं, शिवाय अभंग कीर्तनात ऐकले जायचे, तिथे मागचं पान उलटून बघता येत नाही त्यामुळे नम्रतेसारखी दिसत नसलेली गोष्ट डोळ्यासमोर उभी करावी लागते, आणि मुंगी-साखर तर लहान पोरालाही माहीत. फक्त परीक्षेसाठी एक लक्षात ठेवा, दाखला दिसला की लगेच दृष्टान्त लिहू नका. उदाहरणावरून शेवटी सर्वसामान्य सिद्धान्त काढला असेल किंवा सिद्धान्ताच्या समर्थनाला उदाहरण दिलं असेल तर तो अर्थांतरन्यास, इथेच बरेच जण मार्क घालवतात.